चादरींच्या खोलीतल्या दोन पेट्या

सोमवार, ४

अंगठा काढला की पडदे काळे होत होते, म्हणून काढला नाही. नेटवर्कच्या पेटीच्या मागचं पॉवरचं सॉकेट आतून निखळलं होतं. प्लग वर दाबून धरला तरच दिवे लागत. रॅक आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा मावेल एवढीच जागा आहे. तिथे कुशीवर पडून मी प्लग धरून होते. डोक्याशी धुतलेल्या चादरींचे गठ्ठे. ही खोली मुळात चादरींची. सर्व्हर नंतर आले.

भिंतीपलीकडे आयसीयू. सहा खाटा, दोन सिस्टर. चार नंबरच्या माणसाला नळी घालत होते, दोघी तिथे अडकल्या होत्या. बाकीच्या पाच जणांवर लक्ष म्हणजे काउंटरवरचा मोठा पडदा. तो पडदा माझ्या अंगठ्यावर होता.

हेडसिस्टरने दारातून डोकावून विचारलं, "अजून किती वेळ?"

"अंगठा आहे तोवर."

"मग दुसरा हात रिकामाच आहे ना? चहा घे."

दुसरा हात अंगाखाली होता. तिने खाली बसून कप माझ्या तोंडाला लावला. थोडा पोटात गेला, बराचसा मानेवर.

मग वायरमन आला. त्याने बँडेजच्या पट्टीने प्लग पेटीला करकचून बांधला. उठताना म्हणाला, "पेशंट स्थिर आहे." कोणी हसलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. या महिन्यात चार दिवस घरी जायचं ठरलं होतं. सांगितलं, अशी पेटी टाकून येता येणार नाही.

"काम उरकून ये. इथे काय घाई आहे?"

बाबांना दे म्हटलं. झोपलेत म्हणाली.

मंगळवार, ५

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. हॉस्पिटल त्यांचं आहे. खुर्चीत बसले की टेबलावरची प्रत्येक वस्तू सरळ करतात, मग बोलतात.

"स्विच गेला म्हणे. वायरमनला सांगायचं. त्यासाठी अख्खा मजला डोक्यावर का घेतलास?"

"दिव्याचा नाही डॉक्टर. सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात ती पेटी. ती गेली की सर्व्हर एकटे पडतात आणि आयसीयूचे मॉनिटर काउंटरपर्यंत पोचत नाहीत."

"मग एक चांगली घे. आणि एक कपाटात ठेव. गाडीत स्टेपनी असते तशी."

"स्टेपनी बसवायला माणूस लागतो. मी नसले तर?"

"तू कुठे चाललीस?"

घरी, असं म्हणता आलं असतं. का म्हटलं नाही कोण जाणे. लहान पोरीसारखं वाटलं असतं बहुतेक.

"काय करायचं ते थोडक्यात लिहून दे," म्हणाले आणि पेन सरळ केलं.

शुक्रवार, ८

तीन दिवस तेच डोक्यात आहे.

एक पेटी आणि कपाटात एक, हा डॉक्टरांचा मार्ग. स्वस्त, सोपा, आणि माझ्या पायात बेडी.

दुसरा मार्ग, दोन पेट्या जाड केबलने एकमेकींना जोडून एकच असल्यासारख्या चालवायच्या. दिसायला देखणं. पण दोन धडं आणि डोकं एक. ते डोकं फिरलं की दोघी एकदम बसणार.

तिसरा मार्ग, दोन पेट्या वेगवेगळ्या. प्रत्येक सर्व्हरची एक केबल हिच्यात, एक तिच्यात. आयसीयूतल्या छोट्या पेटीचंही तसंच. एरवी भार एकीवर, दुसरी जागेवर तयार. पहिली गेली की क्षणभरात दुसरी सगळं उचलते. कागदावर लिहिलं, "एक बंद पडल्यास काम थांबणार नाही व कोणाच्या लक्षातही येणार नाही." डॉक्टरांना आवडेल म्हणून हे वाक्य अधोरेखित केलं.

आईला फोन. धापा टाकत होती. जिना चढून आले म्हणाली. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली असणार. इतकी वर्षं सांगते आहे, दोरी अंगणात बांध. ऐकत नाही.

"बाबा कसे आहेत?"

"मजेत. खातात, पितात, झोपतात. माझ्यापेक्षा बरे."

रविवार, १०

सुट्टी. आईच्या चपला घेतल्या. मागच्यासारख्याच हव्यात पण एक माप मोठ्या, असं तिने सांगितलं होतं.

मी म्हटलं होतं, "पाय वाढायचं वय आहे का तुझं?"

"वाढलेत खरे. तुझ्या बाबांची अक्कल पायात आली असेल. माझ्या."

मागून बाबांचा आवाज आला, "कोण आहे?" आई म्हणाली, "अहो, आपली." मग बाबा म्हणाले, "हां, आपली." कोण आपली ते विचारलं नाही. बोलायला आले नाहीत.

चपला चांगल्या आहेत. तळवा मऊ आहे.

बुधवार, १३

डॉक्टरांनी तिसरा मार्ग मान्य केला. कागद दोनदा वाचला. म्हणाले, "आयसीयूतली ती छोटी पेटी तर एकच राहते. तिचं काय?"

त्यांना कळणार नाही असं मी धरून चालले होते. सांगितलं की तिथे दुसरी ठेवायला जागा नाही, पण ती बिघडलेली काउंटरवर लगेच दिसेल, आणि सिस्टर खाटांपाशी जाऊन उभ्या राहतील.

"ठीक. प्रत्येक गोष्टीची जोडी लावत बसलो तर उद्या मलाही एक जोडीदार आणशील."

हेडसिस्टर बाजूला उभी होती. म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही दोन झालात तर आम्ही सगळ्या राजीनामा देऊ."

ते हसले. त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. दात बरे आहेत.

बाहेर आल्यावर हेडसिस्टरला चपलांचं सांगितलं, गंमत म्हणून. ती हसली नाही.

"दोन्ही पाय?"

"असतील. चपला जोडीनेच घेतात ना."

"संध्याकाळी जास्त सुजतात का? दाबलं की खड्डा राहतो?"

"सुजतात कुठे म्हणाली ती?"

"विचार."

तेवढ्यात तिला आतून हाक आली.

शनिवार, १६

पेट्या आल्या. सकाळपासून बसवल्या. वायरमन मदतीला होता. हेडसिस्टर चादरी घ्यायला आली आणि बघत उभी राहिली.

"यातली मोठी कोण?"

"दोघी सारख्याच."

"असं नसतं. वरची थोरली, खालची धाकटी. एका घरात दोन जावा. भांडतील का गं?"

"भांडू नयेत म्हणूनच चार दिवस घालवलेत." दोघींना एकमेकींची खबर कशी राहते, एक बोलत असताना दुसरी गप्प का बसते, ते तिला सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे धाकटीचे हालच."

वायरमनने दुपारी केबली इतक्या सुबक बांधल्या की मलाही बघत राहावंसं वाटलं. मग दिसलं, दोन्ही पेट्यांचे प्लग त्याने एकाच बोर्डात लावलेत.

"हे काय?"

"वायरी बघा कशा एका रेषेत गेल्यात."

"बोर्ड उडाला तर दोघी जातील ना. मग दोन कशाला घेतल्या?"

"उडत नाही हा बोर्ड. मी बसवलाय."

थोरली यूपीएसवर ठेवली, धाकटीसाठी जनरेटरच्या लाइनवरून वेगळा बोर्ड ओढायला लावला. एक वायर भिंतीवरून तिरकी गेली. येता-जाता तो तिच्याकडे बघतो आणि तोंड वाकडं करतो.

पण मी पकडलं. असलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही, हे आज स्वतःला सांगायला हरकत नाही.

मंगळवार, १९

पेट्या ओरडतात. जरा तापलं, जरा काही खालीवर झालं की बारीक टूं टूं करतात. चादरींच्या खोलीत उकाडा आहेच. भिंत पातळ आहे. दोन नंबरच्या आजोबांना वाटतं की त्यांचंच काहीतरी वाजतंय. छाती धरून बसतात.

हेडसिस्टर म्हणाली, "त्यांना तुझ्या जावांनी मारलं तर माझ्यावर येईल. आवाज बंद कर."

"बिघाड झाला तर कळणार कसं?"

"तूच म्हणालीस ना, एक गेली तरी काम थांबत नाही?"

म्हणाले होते. लिहूनही दिलं होतं. आवाज बंद केला. बिघाडाचा संदेश माझ्या फोनवर यावा ही सोय करायची आहे. घरून परत आले की करीन. पुढच्या गुरुवारी, २८ला निघायचं ठरवलं. त्याआधी बुधवारी सगळ्यांसमोर एकेक केबल ओढून चाचणी. डॉक्टरांची अट तीच आहे, चाचणी दाखव आणि जा.

आईला पायांचं विचारायचं राहिलं. तिनेच दुसरा विषय काढला. पेन्शनच्या कागदावर सहीऐवजी अंगठा चालतो का?

"कोणाचा? बाबांचा? त्यांची सही तर छापल्यासारखी."

"हात थरथरतो हल्ली."

चालत असेल म्हटलं. बाबांनी आयुष्यभर जमिनी मोजल्या. नकाशावर त्यांची रेघ पट्टीशिवाय सरळ यायची. हात थरथरतो म्हणजे वय झालं.

सोमवार, २५

पेट्या उत्तम. सकाळी जाता-येता बघते. दोघींचे दिवे हिरवे. हेडसिस्टर चादरी घेताना त्यांना "काय गं बायांनो" म्हणते. शांत खोली झाली आहे.

आईने दाराला आतून वरच्या बाजूला आणखी एक कडी बसवून घेतली. चोरांची भीती वाटते म्हणे. त्या गल्लीत चोरण्यासारखं आहे काय? इतकी वर कडी लावायला तिला स्टूल लागत असणार. म्हटलं, पडशील एखाद्या दिवशी.

"पडले तर तुझे बाबा आहेत उचलायला."

आज हट्टाने बाबांना फोनवर बोलावलं.

"कसे आहात?"

आईची कुजबूज. मग बाबा म्हणाले, "बरा आहे."

"मी गुरुवारी येते आहे."

कुजबूज. "ये, ये. जेवूनच जा."

हसू आलं. घरच्या पोरीला जेवूनच जा. आधीपासूनच विनोद असा कोरडा करतात. हात थरथरत का असेना, जीभ तीच आहे. बरं वाटलं.

फोन ठेवताना आई म्हणाली, "चार दिवसांवर एखादा दिवस वाढवता आला तर बघ हं. आला तर." ती असं कधी म्हणत नाही. चपला बॅगेत टाकल्या.

बुधवार, २७

चाचणी.

दुपारची वेळ घेतली होती. हेडसिस्टरने खबरदारी म्हणून प्रत्येक खाटेशी एक जण उभं केलं. तिनेच ते सुचवलं, मला गरज वाटली नव्हती. मोठे डॉक्टर काउंटरपाशी हात मागे बांधून उभे. मी चादरींच्या खोलीत, दार उघडं.

आधी थोरलीचा प्लग काढला. "पडदा?" मी ओरडले.

"हलला नाही!" हेडसिस्टर म्हणाली. कोणीतरी टाळी वाजवली. डॉक्टर म्हणाले, "छान. तू जा आता तुझ्या गावाला."

प्लग परत लावला, दिवे परत हिरवे होईपर्यंत थांबले. मग धाकटीचा काढला.

"पडदा?"

हेडसिस्टर म्हणाली, साध्या आवाजात, "काळा आहे."

प्लग परत ढकलला. पेटी जागी व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात खाटांशी उभ्या असलेल्या सिस्टर आकडे मोठ्याने वाचत होत्या, एकामागून एक. भिंतीतून ऐकू येत होतं. दोन नंबरच्या आजोबांनी विचारलं, "मी आहे ना?"

पडदा आला. कोणाला काही झालं नाही.

थोरली उघडली. मागचा पंखा धाग्यांनी गच्च. पांढरा, मऊ, कापसासारखा थर. चादरी झटकून घड्या घालतात, त्यांचं सूत. आतून भाजून निघाली होती. दिवे लागत होते, कारण दिव्यांना फार काही लागत नाही. पण तिच्यातून काहीही जात नव्हतं. नोंदी पाहिल्या. आठवडा उलटून गेला होता. पहिली चाचणी पास झाली, कारण मेलेलीला मी परत मारलं होतं. आठवडाभर सगळा भार एकटी धाकटी ओढत होती. आणि मी रोज दोघींचे हिरवे दिवे बघून जात होते.

डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "तुला कळलं कसं नाही?"

"काम थांबलं असतं तर कळलं असतं."

"म्हणजे जिने काम थांबू दिलं नाही तिचाच दोष?"

आवाज मी बंद केला होता हे सांगितलं. हेडसिस्टर मध्येच म्हणाली, "मी सांगितलं म्हणून." चांगली बाई आहे.

उद्या जाणं रद्द. पेटी बदलायची, चादरी हलवायच्या, चाचणी परत. परवा पहाटेच्या बसने निघेन. एका दिवसाने काय बिघडतं.

हे सांगायला घरी फोन केला. बराच वेळ वाजला. बाबांनी उचलला. त्यांनी स्वतःहून फोन उचलून किती महिने झाले असतील.

"आई कुठे आहे?"

"झोपली आहे."

"बरं नाही का तिला?"

"झोपली आहे," बाबा म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ. मागे कोणी कुजबुजत नव्हतं. मी म्हटलं, झोपू दे, मी उद्या नाही, परवा येते म्हणून सांगा. "सांगतो," म्हणाले.

एवढ्या वाईट दिवसात तेवढंच एक चांगलं झालं.

गुरुवार, २८

कपाटात तिसरी पेटी स्टेपनी म्हणून ठेवायला डॉक्टरांनीच लावली होती, म्हणून थोरलीच्या जागी लगेच दुसरी बसवता आली. हे मी त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पेन सरळ केलं.

चादरींची कपाटं जिन्याखाली हलवली. वायरमनने खोलीच्या झरोक्याला जाळी ठोकली, आणि तिरकी वायर या निमित्ताने सरळ करू का म्हणून विचारलं. नको म्हटलं. पेट्यांचा आवाज परत चालू केला. दोन नंबरच्या आजोबांना हेडसिस्टरने भिंतीपाशी नेऊन तो ऐकवला. "हे वाजलं की हिचं दुखतंय, तुमचं नाही." ते म्हणाले, "मग हिला बघायला कोण येतं?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांना मी पसंत पडले नाही असं दिसलं.

बिघाडाचा संदेश माझ्या फोनवर येतो, हेडसिस्टरच्याही येतो. ते आधी केलं, मग चाचणी. थोरली काढली, पडदा हलला नाही, पेटी ओरडली, आम्हा दोघींचे फोन वाजले. परत लावली. धाकटी काढली. पडदा हलला नाही. परत ओरड, परत फोन. यावेळी टाळी कोणी वाजवली नाही. डॉक्टर म्हणाले, "जा."

हेडसिस्टरने निघताना विचारलं, "पायांचं विचारलंस?"

"आता जातेच आहे, बघेन."

संध्याकाळी फोन केला. परत बाबा.

"आई?"

"झोपली आहे. उठवू नकोस."

"काल पण झोपली होती. जेवलात का तुम्ही?"

"ती उठली की जेवू."

परत विचारावंसं वाटलं. समोरच्या काकूंना फोन करून बघायला सांगावं असंही वाटलं. पण मग आईच चिडते, गल्लीभर बोभाटा कशाला म्हणून. थकली असेल. ती एकदा झोपली की झोपते. उद्या सकाळी पोचतेच आहे. बॅग भरली. चपला वर ठेवल्या, पटकन काढता याव्यात म्हणून.

शुक्रवार, २९

पहाटेची बस मिळाली. वाटेत हेडसिस्टरचा संदेश आला, दोघी जावा बऱ्या आहेत, इकडची काळजी करू नकोस.

दारावर थाप मारली. आतून बाबा म्हणाले, "हळू." कडी काढा म्हटलं. खालची काढली. वरची त्यांना सापडेना. वर, वर, असं मी सांगत होते, आणि ते दाराच्या आत उभे राहून "हो, वर" म्हणत होते. समोरच्या काकू आल्या, त्यांच्या मुलाने पहारीने दार उचकटलं.

तोवर बाबा परत आत जाऊन बसले होते. आईच्या पलंगाशी खुर्ची होती. उशाशी दोन कप होते, दोन्हींत पाणी. आईच्या अंगावर त्यांनी तीन चादरी घातल्या होत्या, कडा सरळ रेषेत खोचलेल्या. मी आत पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.